आधी कागद, मग बॅट: मेजर लीगचा संघ मार्चमध्ये कसा ठरतो ते ओळखायची रीत

२०१५ च्या मार्चमध्ये अमेरिकी बेसबॉलच्या मेजर लीगमधल्या शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने सराव-सामन्यांत ९ होमरन मारले. फलंदाजीची सरासरी होती .४२५. त्या वसंतात त्याच्याइतके होमरन दुसऱ्या कुणाचेही नव्हते. तरी ३० मार्चला त्याची रवानगी खालच्या पायरीवर, मायनर लीगमध्ये झाली. क्षेत्ररक्षण सुधारायला हवे, असे कारण सांगितले गेले. १७ एप्रिलला तो वर आला, पुढे वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि हंगामाअखेर त्याच्या खात्यावर मेजर लीगमधल्या सेवेचे १७१ दिवस जमा झाले. सेवेचे एक पूर्ण वर्ष भरायला १७२ दिवस लागतात. एका दिवसाच्या फरकाने ब्रायंट २०२० ऐवजी २०२१ च्या हंगामानंतर हव्या त्या क्लबशी करार करायला मोकळा झाला. त्याने दाद मागितली, पण २०२० मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागला.

फलंदाजीचा तक्ता पाहणाऱ्याला ही उचलबांगडी वेडेपणाची वाटली. ज्याने कॅलेंडरवर दिवस मोजले होते त्याला नवल वाटले नाही. फेब्रुवारी-मार्चमधल्या जवळजवळ प्रत्येक हालचालीचे असेच असते. खेळाडू किती चांगला आहे हा प्रश्न दुसरा. त्याच्या कागदावर काय लिहिले आहे हा पहिला. म्हणून आपल्या संघाचा अंदाज बांधायला बसताना सुरुवात कागदापासून करा.

तक्ता मांडा

एक स्प्रेडशीट उघडा आणि आपल्या संघाच्या ४० जणांच्या रोस्टरमधली, म्हणजे ज्यातून मैदानावरचे २६ निवडतात त्या यादीतली, सगळी नावे लिहा. प्रत्येक नावापुढे सहा रकाने ठेवा: मैदानावरची जागा, उरलेले ऑप्शन, सर्व्हिस टाइम (मेजर लीगमधली सेवा), या वर्षीचा पगार, क्लबकडे अजून किती वर्षे आहे, आणि दुखापत. नावे एमएलबीच्या (मेजर लीग बेसबॉलच्या) संकेतस्थळावर संघाच्या पानावर मिळतात. ऑप्शन आणि सर्व्हिस टाइमसाठी फॅनग्राफ्सचे रोस्टररिसोर्स सोयीचे पडते. कराराच्या तपशिलांसाठी बेसबॉल प्रॉस्पेक्टसवरचे कॉट्स किंवा स्पॉट्रॅक बघा. दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर बहुधा एकाने गेल्या हंगामाचा खर्च झालेला ऑप्शन अजून वजा केलेला नसतो.

ऑप्शनचा रकाना सगळ्यात कामाचा. ४० मध्ये आलेल्या खेळाडूला क्लब तीन हंगामांत मायनरमध्ये वर-खाली करू शकतो. एका हंगामात तो २० किंवा जास्त दिवस खाली राहिला की त्या वर्षाचा ऑप्शन संपला. एकाच हंगामात पाच वेळा खाली पाठवले तरी ऑप्शन एकच खर्ची पडतो. पाच ही मर्यादा २०२२ पासूनची आहे, त्याआधी धरबंध नव्हता. खाली गेलेला फलंदाज १० दिवस आणि पिचर (चेंडू टाकणारा) १५ दिवस परत येऊ शकत नाही, अपवाद जखमी खेळाडूच्या जागी येण्याचा. तिन्ही ऑप्शन संपले की त्याला खाली पाठवण्याआधी वेव्हरवर टाकावे लागते, म्हणजे बाकीच्या २९ क्लबांना तो फुकटात उचलायची संधी द्यावी लागते.

सर्व्हिस टाइम वाचताना एक चूक हमखास होते. २.११५ हा दशांश अपूर्णांक नाही. त्याचा अर्थ दोन वर्षे आणि ११५ दिवस. २.१७१ नंतरचा आकडा ३.०००. तीन वर्षे झाली की आर्बिट्रेशनचा, म्हणजे लवादापुढे पगार ठरवून घेण्याचा हक्क मिळतो (दोन ते तीन वर्षांच्या गटातल्या वरच्या थोड्यांना तो आधीच मिळतो, त्यांना सुपर टू म्हणतात). पाच वर्षे झाली की संमतीशिवाय खाली पाठवता येत नाही. सहा वर्षे झाली की करार संपताच तो फ्री एजंट, कुठल्याही क्लबकडे जायला मोकळा. तीन, पाच, सहा या उंबरठ्यांच्या अलीकडे-पलीकडे दहा-पंधरा दिवसांवर असलेली नावे वेगळ्या रंगाने रंगवा. गडबड तिथेच होते.

ब्रायंटच्या प्रकरणानंतर नियमांत थोडी दुरुस्ती झाली. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारानुसार ठरावीक नामांकित याद्यांमधला प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण) पहिल्या दिवसापासून वर ठेवला आणि तो सर्वोत्तम नवोदित ठरला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडताना, जादा निवड मिळते. सिएटल मरिनर्सने २०२२ मध्ये हुलिओ रॉड्रिगेसला तसेच वर ठेवले आणि ती निवड पदरात पाडून घेतली. शिवाय नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला उशिरा वर येऊनही पूर्ण वर्ष मिळते. त्यामुळे यादीतल्या अव्वल पोराला दोन आठवडे दडवून ठेवण्यात आता पूर्वीइतका फायदा नाही. यादीबाहेरच्याला मात्र अजून दडवतात. हा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, तेव्हा इथले आकडे त्या तारखेपर्यंतचे समजा.

२६ ची मांडणी

हंगाम सुरू होताना मैदानासाठी २६ जण असतात आणि त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. सप्टेंबरात हे आकडे २८ आणि १४ होतात, पण मार्चमध्ये त्याचा विचार नको. १३ पिचरांत बहुधा पाच स्टार्टर (सामना सुरू करणारे) आणि आठ रिलीव्हर (नंतर येणारे). उरलेल्या १३ मध्ये नऊ नेहमीचे (कॅचर आणि डीएच, म्हणजे फक्त फलंदाजी करणारा, धरून) आणि बाकावर चार: दुसरा कॅचर, शॉर्टस्टॉप खेळू शकणारा हरहुन्नरी, सेंटर फील्ड सांभाळणारा चौथा आउटफिल्डर, आणि एक मोकळी जागा. डॉजर्सचा हिशेब निराळा, कारण ओहतानी फलंदाजी आणि पिचिंग दोन्ही करणारा दुहेरी खेळाडू म्हणून नोंदलेला असल्याने पिचरांच्या १३ मध्ये मोजला जात नाही. त्यांना चौदावा पिचर मिळाल्यासारखेच.

आता तक्त्यातल्या नावांची विभागणी करा. दीर्घ करार असलेले आणि निर्विवाद खेळाडू आधी बसवा. सहसा १८ ते २० जागा तिथेच संपतात. खरी झुंज शेवटच्या सहा-सात जागांची. तिथे वापरायचा नियम असा: दोघे बरोबरीचे असतील, तर ज्याचा ऑप्शन संपला आहे तो राहतो आणि ज्याचा उरला आहे तो खाली जातो. दुसरा किंचित बरा असला तरीही. कारण सोपे आहे. अशा निर्णयात दोघेही क्लबकडे राहतात, उलट केले तर एक फुकट जातो. मायनरमध्ये चांगल्या ऑप्शनवाल्या रिलीव्हरची फेरी वर्षभर चालू असते, आणि एप्रिलमध्ये खाली गेलेला पोरगा मे संपेपर्यंत तीनदा वर येऊन गेलेला असतो.

रूल ५ ड्राफ्टमधून आलेल्याला वेगळी खूण करा. डिसेंबरात दुसऱ्या क्लबने ४० मध्ये न घेतलेल्या खेळाडूसाठी १ लाख डॉलर मोजले जातात, आणि त्याला पूर्ण हंगाम २६ मध्ये ठेवावे लागते. ठेवायचे नसेल तर आधी वेव्हर. तिथे कुणी उचलला नाही तर मूळ क्लबला ५० हजारांत परत देऊ करायचा. असे बहुतेक जण मार्चअखेर परत जातात. पण योहान सान्ताना याच वाटेने मिनेसोटा ट्विन्सकडे आला. २००० मध्ये त्यांनी त्याला नऊ डावांमागे ६.४९ धावांची सरासरी सोसत वर्षभर सांभाळला, आणि त्याने २००४ व २००६ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला. हरणाऱ्या संघाला ही चैन परवडते. अजिंक्यपदाच्या शर्यतीतला संघ बुलपेनची (रिलीव्हरांच्या ताफ्यातली) एक जागा सहा महिने अडवून ठेवत नाही. अंदाज बांधताना संघाची पायरी आधी बघा.

मार्चचे आकडे किती मानायचे

फारच थोडे. पन्नासेक वेळा बॅट हातात घेणाऱ्याची सरासरी दोन-चार चेंडूंनी इकडची तिकडे होते. त्यातही सातव्या डावानंतर समोर डबल-ए चा (मायनरच्या मधल्या पायरीवरचा) पोरगा गोलंदाजी करत असतो. अनुभवी पिचर त्या दिवशी फक्त नवा चेंजअप (फसवा संथ चेंडू) तपासत असतो आणि मार खाल्ला तरी त्याला फिकीर नसते. ॲरिझोनाची कोरडी हवा फलंदाजाला आणखी हात देते.

भरवसा ठेवावा अशा गोष्टी दोन-तीनच. पहिली, पिचरच्या फास्टबॉलचा वेग. गेल्या वर्षी ताशी ९५ मैलांचा असलेला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातही ९२ वरच असेल तर खांद्याची किंवा कोपराची बातमी येते का ते बघत राहा. पहिल्या आठवड्यातला कमी वेग मात्र मनावर घेऊ नका. दुसरी, तरुण पिचर किती जणांना बाद करतो आणि किती जणांना फुकट बेस देतो. तिसरी, आणि आमच्या मते सगळ्यात बोलकी, कोण कुठे खेळतो. सेकंड बेसमनला अचानक तीन सामने लेफ्ट फील्डवर उभे केले, तर क्लब त्याच्यासाठी बाकावरची जागा शोधतो आहे. कुणी सराव-सामन्यांत पहिल्या डावाऐवजी सहाव्यात मैदानावर येऊ लागला, तर त्याचे नाव यादीत खाली घसरले आहे.

२०१४ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजने २२ मार्चला जे. डी. मार्टिनेझला सोडून दिले. त्याने हिवाळ्यात बॅट फिरवायची पद्धतच बदलली होती, पण मार्चमध्ये ती दाखवायला त्याला पुरेशा संधीच मिळाल्या नाहीत. डेट्रॉइट टायगर्सने मायनर लीगच्या करारावर घेतले, आणि त्या वर्षी त्याने .३१५ च्या सरासरीने २३ होमरन ठोकले. तंत्रात खरोखर बदल केलेला खेळाडू हाच मार्चमधला अपवाद. त्याला शोधायचे तर धावफलक नव्हे, व्हिडिओ बघावा लागतो.

चाळिसाची अडचण

नवखे चाहते २६ मोजतात आणि ४० विसरतात. समजा, तक्ता भरलेला आहे, ४० पैकी ४०. शिबिरात मायनर करारावर निमंत्रण मिळालेले दोघे, एक डावखुरा रिलीव्हर आणि एक बाकावरचा आउटफिल्डर, संघात येणार असे सगळे म्हणतात. दोघेही ४० च्या बाहेरचे. म्हणजे दोन जागा मोकळ्या करायला हव्यात.

पहिली जागा दुखापतीतून निघते. कोपराची शस्त्रक्रिया झालेल्या पिचरला ६० दिवसांच्या जखमी यादीवर टाकले की तो ४० मध्ये मोजला जात नाही. ही यादी हिवाळ्यात बंद असते आणि फेब्रुवारीच्या मध्यास शिबिरे सुरू झाली की उघडते. म्हणूनच फेब्रुवारीत फ्री एजंटच्या घोषणा अचानक वाढतात: आधीच ठरलेला करार जागा होईपर्यंत थांबलेला असतो. दिवस मात्र हंगामाच्या सुरुवातीपासून मोजले जातात. फेब्रुवारीत यादीवर गेलेला एप्रिलमध्ये परतेल असे धरून चाललात तर फसाल. तो मे संपत येईपर्यंत येत नाही. १० दिवसांच्या (पिचरसाठी १५) यादीवर गेलेला ४० मध्ये मोजलाच जातो, फक्त २६ मधली जागा मोकळी होते.

दुसरी जागा डीएफए करून, म्हणजे एखाद्याला ४० च्या यादीतून काढत असल्याचे जाहीर करून. खेळाडू त्याच क्षणी ४० मधून बाहेर, आणि क्लबकडे सात दिवस: ट्रेड, वेव्हर किंवा सोडचिठ्ठी. वेव्हरवर कमकुवत संघाला आधी संधी मिळते, आणि मार्चमध्ये क्रम गेल्या हंगामाच्या निकालांवरून लावतात. कुणीच घेतला नाही तर क्लब त्याला ४० बाहेर ठेवून मायनरमध्ये पाठवू शकतो. तीन वर्षे सेवा झालेला किंवा याआधी एकदा असा पाठवला गेलेला खेळाडू नकार देऊन मोकळा होऊ शकतो. पाच वर्षे झालेला नकार देऊनही पगार घेतो. डीएफएची बातमी वाचली की खेळाडूची पाटी पुसू नका. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वेव्हरवर इतकी गर्दी असते की बहुतेक जण कुणी न उचलता त्याच क्लबच्या ट्रिपल-ए (मायनरच्या सर्वांत वरच्या) संघात जाऊन बसतात. क्लब मुद्दाम हाच मुहूर्त साधतात.

मायनर करारावरच्या जुन्याजाणत्यांच्या बाबतीत आणखी एक तारीख आहे. सहा वर्षे सेवा असलेला आणि गेला हंगाम मेजरच्या संघात किंवा जखमी यादीवर संपवलेला फ्री एजंट अशा करारावर आला, तर त्याला हंगामाच्या पाच दिवस आधी, मग १ मे आणि १ जून रोजी बाहेर पडायचा हक्क असतो. त्या पाच दिवसांच्या आसपास निर्णयांचा पाऊस पडतो. तुमची अंतिम २६ त्याच्या आधी जाहीर करू नका.

आर्बिट्रेशनचा करारही वाचावा लागतो. सुनावणी न होता तडजोडीने ठरलेला पगार पूर्ण हमीचा असतो. सुनावणीत ठरलेला तसा नसतो. जे. डी. डेव्हिसने २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध सुनावणी जिंकून ६९ लाख डॉलर मिळवले. मार्चच्या सुरुवातीला जायंट्सने त्याच्याच जागी, थर्ड बेसवर, मॅट चॅपमनला आणले आणि ११ मार्चला डेव्हिसला सोडले. त्याला ३० दिवसांचे, म्हणजे सुमारे ११ लाख डॉलर मिळाले. पुढे तो ओकलंडकडे २५ लाखांवर गेला. सुनावणी जिंकून हरण्याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. तक्त्यात अशा पगाराशेजारी तारका द्या.

ट्रेडची बातमी आली की

‘कोण जिंकले’ हे ठरवायच्या आधी चार आकडे लिहा: दोन्हीकडच्या प्रत्येक खेळाडूवर क्लबचा किती वर्षे ताबा आहे, पगार किती, सोबत पैसे कोण देतो, आणि ४० मधली जागा कुणाची भरते व कुणाची रिकामी होते. नाव मोठे असते म्हणून किंमत मोठी नसते. किंमत वर्षांची असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने कॉर्बिन बर्न्सला मिलवॉकीकडून घेतले ते डी. एल. हॉल, जोई ऑर्टिझ आणि ड्राफ्टच्या एका निवडीच्या बदल्यात. बर्न्सचे एकच वर्ष उरले होते, ते संपल्यावर तो ॲरिझोनाला गेला. १३ मार्चला सॅन डिएगो पाद्रेजने डिलन सीझला शिकागो व्हाइट सॉक्सकडून आणले. सीझ बर्न्सइतका पक्का नव्हता, पण त्याच्यावर दोन वर्षांचा ताबा होता आणि २०२४ चा पगार ८० लाख. म्हणून त्याच्यासाठी चार जण द्यावे लागले. त्यांतला ड्रू थॉर्प तीन महिन्यांपूर्वीच यांकीजकडून हुआन सोतोच्या ट्रेडमध्ये आला होता. पाद्रेजकरता हंगामातला एकही सामना न खेळता तो पुढे गेला. एका ट्रेडमधून आलेला माल दुसरीत कसा खर्च होतो ते बघायचे असेल तर तक्त्यात ‘कुठून आला’ हा सातवा रकाना जोडा.

पैशांचे गणित वेगळे धरा. संघाचा लक्झरी टॅक्स त्या वर्षीच्या पगारावर नव्हे, कराराच्या वार्षिक सरासरीवर मोजतात. २०२६ ची मर्यादा २४ कोटी ४० लाख डॉलर. ओलांडल्यास पहिल्या वर्षी वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०, आणि फार वर गेल्यास आणखी अधिभार. म्हणजे तिसऱ्यांदा ओलांडलेल्या संघाला ८० लाखांचा रिलीव्हर किमान १ कोटी २० लाखांना पडतो. ‘एवढा स्वस्त होता, आपण का घेतला नाही?’ या चाहत्यांच्या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा इथेच असते.

कधी कधी खेळाडूपेक्षा ओझे महत्त्वाचे असते. ५ एप्रिल २०१५ ला, आपल्या हंगामातल्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, अटलांटा ब्रेव्हजने रिलीव्हर क्रेग किम्ब्रेलला पाद्रेजकडे दिले. देताना गळ्यात मेल्विन अप्टनचे उरलेले सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलरही बांधले. बदल्यात आलेल्या कार्लोस क्वेंटिनला ब्रेव्हजने लगोलग डीएफए केले. तो पैशांचा मेळ घालायलाच आला होता. अशी नावे ट्रेडमध्ये दिसली की गोंधळू नका, त्यांच्याकडे आकडा म्हणून बघा.

आयपीएलची सवय असलेल्यांनी दोन फरक ध्यानात ठेवावेत. २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईकडे आला तो रोख व्यवहारात आणि त्याच्या संमतीने. मेजर लीगमध्ये बड्या खेळाडूची नुसती रोख विक्री चालत नाही. १९७६ मध्ये ओकलंडने तीन खेळाडू ३५ लाख डॉलरना विकले तेव्हा कमिशनरने व्यवहारच रद्द केला. आणि खेळाडूला विचारायची गरज नसते. अपवाद: दहा वर्षे सेवा आणि त्यांतली शेवटची पाच त्याच क्लबकडे असलेला, किंवा करारात नकाराचे कलम असलेला. नोलन अरेनाडोने २०२४ च्या डिसेंबरात ह्यूस्टनला जाण्यास असाच नकार दिला. ताज्या करारावर आलेल्या फ्री एजंटला १५ जूनपर्यंत संमतीशिवाय ट्रेड करता येत नाही, तेव्हा ‘जानेवारीत घेतला, मार्चमध्ये विकू’ या कल्पना सोडून द्या.

ट्रेड ठरली म्हणजे झाली असेही नाही. ४ फेब्रुवारी २०२० ला बोस्टनच्या मुकी बेट्सची तीन संघांतली ट्रेड जाहीर झाल्यासारखीच होती. मग बोस्टनला मिनेसोटाच्या ब्रुसदार ग्रातेरोलचे वैद्यकीय अहवाल पटले नाहीत. सहा दिवसांनी मांडणीच बदलली: बेट्स आणि डेव्हिड प्राइस डॉजर्सकडे, प्राइसचा अर्धा पगार बोस्टनच्या माथी, बोस्टनला अ‍ॅलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स व कॉनर वाँग. ग्रातेरोल वेगळ्या व्यवहारात, केंटा माएदाच्या बदल्यात, डॉजर्सकडेच गेला. बातमीत वैद्यकीय तपासणी बाकी असल्याचा उल्लेख असेल, तोवर तक्त्यात पेन्सिलीने लिहा.

घड्याळ आणि उरलेली कामे

भारतातून बघणाऱ्यांसाठी: फ्लोरिडातला दुपारी १:०५ चा सामना आपल्याकडे रात्री ११:३५ ला सुरू होतो, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे पुढे गेली की १०:३५ ला. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, तिथला १:०५ कायम आपला रात्रीचा १:३५. डीएफए आणि कपातीच्या घोषणा बहुधा तिथल्या सकाळ-दुपारी होतात, म्हणजे आपल्या संध्याकाळनंतर. तक्ता दुसऱ्या दिवशी सकाळी अद्ययावत केला तर झोप मोडत नाही.

तक्ता जुळला की शेवटी दुखापतींसाठी मोकळीक ठेवा. २०२३ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या सामन्यानंतर जल्लोष करताना मेट्सच्या एडविन डियाझच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, तारीख १५ मार्च, आणि नववा डाव टाकणारा माणूसच गेला. प्रत्येक जागेपुढे ‘हा नसेल तर कोण, आणि तो ४० मध्ये आहे का’ हे लिहिलेले असावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तिथे पुढच्या डीएफएचे नावही आताच ठरवता येते.

ट्रेडमध्ये ‘नाव नंतर कळवू’ असा खेळाडू राहिला असेल तर ती ओळ बंद करू नका. क्लबांना सहा महिन्यांची मुदत असते. ती तारीख रकान्यात टाका, म्हणजे सप्टेंबरात कुणीतरी अनोळखी पोरगा मायनरच्या यादीत दिसला की तो कुठून उगवला याचा शोध घ्यावा लागणार नाही.